घर घेताना कोणती मोजणी, कोणती तपासणी?

‘बँकेने पास केलंय, म्हणजे सगळं क्लिअर आहे.’ हे वाक्य विकणारा म्हणतो, एजंट म्हणतो आणि दोन-तीन घरं बघून थकलेला घेणाराही स्वतःशी म्हणायला लागतो. ते खरं नाही. बँकेचा व्हॅल्युएटर येतो, चार फोटो काढतो, एक-दोन खोल्यांना टेप लावतो, आजूबाजूचा भाव विचारतो आणि जातो. कर्ज बुडालं तर हे घर विकून पैसे निघतील का, एवढंच त्याला बँकेला सांगायचं असतं. संडासाच्या खालच्या स्लॅबमधली सळई गंजली आहे का, कंपाउंड शेजाऱ्याच्या हद्दीत गेलंय का, हे त्याचं काम नाही. त्याची फी आपल्याच खिशातून जाते, अहवाल मात्र बँकेच्या फायलीत जातो.

त्या मूल्यांकनाचा आपल्याला एक उपयोग मात्र आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के मिळू शकतात. व्यवहार ६० लाखांचा ठरला आणि मूल्यांकन ५४ लाखांचं आलं, तर ८० टक्क्यांनी ४८ नव्हे, ४३ लाख २० हजारच मिळतात. वरचे ४ लाख ८० हजार आपल्यालाच उभे करावे लागतात. म्हणून इसार देण्याआधी मूल्यांकनाचा आकडा विचारून ठेवा.

आता आपली तपासणी. तिचे तीन प्रकार आहेत आणि लोक ते नेहमी एकमेकांत मिसळतात. जमीन कुठून कुठपर्यंत आहे हे मोजणी सांगते. बांधकाम किती धडधाकट आहे हे स्ट्रक्चरल तपासणी सांगते. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का, हे वकिलाचा शोध अहवाल सांगतो. एकाचं काम दुसरं करत नाही. टायटल स्वच्छ असलेल्या प्लॉटचं कुंपण चार फूट आत असू शकतं आणि काटेकोर मोजलेल्या बंगल्यावर पतसंस्थेचा बोजा असू शकतो.

कोणती घ्यायची, हे आपण काय विकत घेतोय त्यावर ठरतं. मोकळा प्लॉट किंवा शेतघराची जागा असेल तर मोजणी आणि शोध. सोसायटीतला फ्लॅट असेल तर बांधकामाची तपासणी, कार्पेट एरियाचं मोजमाप आणि शोध. जमिनीची मोजणी हा तिथे सोसायटीचा विषय, आपण एवढंच पाहायचं की जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावावर झालंय की अजून बिल्डरकडेच आहे. बंगला, रो हाउस, जुना वाडा, कोकणातलं जांभ्याचं घर असेल तर तिन्ही. इथे पैसे वाचवायला गेलेला माणूस हमखास फसतो.

जमीन: हद्दकायम मोजणी

महाराष्ट्रात हद्दीचा अधिकृत शब्द भूमी अभिलेख खात्याचा. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज होतो, शहरात नगर भूमापन कार्यालयात. अर्ज ‘ई-मोजणी’वर ऑनलाइन भरता येतो. मोजणीचे प्रकार बरेच आहेत: हद्दकायम, पोटहिस्सा, बिनशेती, भूसंपादन, कोर्टवाटप. घर घेणाऱ्याला बहुतेक वेळा हद्दकायमच, म्हणजे रेकॉर्डची हद्द जागेवर दाखवून देणारी मोजणी, हवी असते. मोठ्या गटातला तुकडा घेत असाल तर पोटहिस्सा मोजणी लागते आणि तिला सगळ्या सहधारकांची संमती लागते. पाच भावांपैकी एक दुबईत आणि एक बोलत नाही, तर तो व्यवहार तिथेच थांबला असं समजा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: मोजणीचा अर्ज मालकच करू शकतो, घेणारा नाही. ज्याचं नाव सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर आहे त्याचीच सही लागते. म्हणून ‘व्यवहार झाल्यावर तुम्ही तुमची मोजणी करून घ्या’ असं विकणारा म्हणाला, तर त्याचा अर्थ असा की हद्दीचा धोका तो तुमच्या गळ्यात टाकतोय. मोजणी खरेदीआधी, त्याच्या नावाने, आणि हवं तर तुमच्या खर्चाने. १ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये, तर नगरपालिका-महापालिका हद्दीत १ हेक्टरपर्यंत ३,००० आणि १२,००० रुपये ठरले. अर्ध्या कोटीच्या प्लॉटपुढे हा खर्च काहीच नाही.

अर्जासोबत ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, जागेचा कच्चा नकाशा आणि चारही बाजूंच्या लगतधारकांची नावं-पत्ते लागतात. ही नावं नीट द्या. मोजणीची नोटीस त्यांना जाते, आणि नोटीस न मिळालेला शेजारी नंतर ‘मला कळवलंच नाही’ म्हणून अख्खी मोजणी वादात ओढतो. मोजणीच्या दिवशी भूकरमापक येईल तेव्हा चुना, खुंट्या किंवा हद्दीचे दगड आणि झाडी साफ करायला एक-दोन माणसं आपण हजर ठेवायची. हल्ली साखळीच्या जागी उपग्रहाच्या मदतीने मोजणारे रोव्हर आणि ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, ही यंत्रं आली आहेत, पण हद्दीची झुडपं तोडायला अजून कोयताच लागतो. भातशेतीच्या भागात पावसाळ्यात मोजणी लांबते, हेही धरून चाला.

हातात जो नकाशा पडतो त्याला ‘क’ प्रत म्हणतात. तो घाईत वाचू नका. अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द सलग रेषेने आणि जागेवरची प्रत्यक्ष वहिवाट तुटक रेषेने दाखवलेली असते. दोन्ही रेषा एकावर एक असतील तर उत्तम. त्या जिथे फाकतात, तिथे वाद आहे. ४० बाय ६० फुटांचा, म्हणजे २,४०० चौरस फुटांचा प्लॉट घ्या. ६० फुटी बाजूला तुटक रेषा सलग रेषेच्या चार फूट आत असेल, तर २४० चौरस फूट शेजाऱ्याच्या ताब्यात आहेत. किंमत पूर्ण प्लॉटची द्यायची आणि दहा टक्के जमीन मिळवायला कोर्टात जायचं. उलटही होतं: तुटक रेषा बाहेर गेलेली असेल तर विकणाऱ्याचीच भिंत दुसऱ्याच्या जागेत आहे आणि उद्या ती पाडायची नोटीस तुम्हाला येईल.

मोजणी चुकीची झाली असं वाटलं तर निमताना मोजणी मागता येते. ती वरिष्ठ अधिकारी करतो.

खासगी सर्व्हेअर टोटल स्टेशन लावून दोन दिवसांत रंगीत नकाशा देतो आणि तो सुबकही असतो. बांधकामाचा आराखडा करायला, चढ-उतार काढायला, झाडं-विहिरी दाखवायला तो उपयोगी आहे. पण कुंपण दाखवलं की तो कुंपण मोजतो; रेकॉर्डची हद्द जमिनीवर कुठे येते हे भूमी अभिलेखाच्या टिपण (मूळ मोजणीच्या वेळच्या मापांची नोंद) आणि गटनकाशावरूनच ठरतं. खात्याच्या शिक्क्याशिवायच्या नकाशावर हद्दीचा वाद लढवता येत नाही.

क्षेत्राची एकके इथेच समजून घ्या, कारण घोळ बोलण्यातून सुरू होतो. १ गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं: ०.१०.०० म्हणजे १० आर, १,००० चौरस मीटर. विकणारा त्यालाच ‘दहा गुंठे’ म्हणतो. फरक १२६ चौरस फुटांचा. छोटा वाटतो, पण भाव चौरस फुटावर ठरला असेल तर ही रक्कम दागिन्याएवढी होते.

जमिनीत आणखी काही गोष्टी मोजणीत दिसत नाहीत, त्या वेगळ्या काढाव्या लागतात. सातबारावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली जमीन, असं लिहिलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नका. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर तिच्या हस्तांतरणावर कडक बंधनं आहेत. नदीकाठ असेल तर पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा पाहा: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सांगली-कोल्हापूरकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. शहरालगत असेल तर झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. प्लॉटमधून १८ मीटरचा रस्ता जातोय हे सातबारा सांगत नाही.

लेआउटमधला प्लॉट असेल तर मंजूर रेखांकन मागा आणि कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाची भूमी अभिलेखातली नोंद) होऊन त्या प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघालाय का ते पाहा. तो नसेल आणि नुसता ‘गटातले एवढे गुंठे’ अशी खरेदी असेल, तर जागेवर तुमचा प्लॉट कोणता हे कागदावर कुठेच नसतं.

गावठाणातलं घर हा आणखी वेगळा प्रकार. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून ‘हाच मालकीचा कागद’ म्हणतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नाही. स्वामित्व योजनेत, २०२० नंतर, बऱ्याच गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत. त्या गावची झाली असेल तर पत्रिकाच मागा. गोव्यात हेच काम एक-चौदाच्या उताऱ्याने आणि सर्व्हे नकाशाने होतं. तिथल्या नागरी कायद्यामुळे विकताना नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, हे महाराष्ट्रातून तिकडे घर घेणारे विसरतात.

बांधकाम: फ्लॅट असो की वाडा

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा व्हायला हवं. म्हणून रिसेल फ्लॅटला पहिली पायरी फुकट आहे: सेक्रेटरीकडे शेवटचा ऑडिट अहवाल आणि मागच्या दोन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा. अहवाल ‘सापडत नाही’ म्हणाले, तर तेही उत्तरच आहे. मुंबईत अहवालावर वर्ग लिहिलेला असतो: सी१ म्हणजे राहण्यास धोकादायक, रिकामी करून पाडायची, सी२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी२बी म्हणजे लोक राहत असताना मोठी दुरुस्ती, सी३ म्हणजे किरकोळ. सी२बी असेल तर वर्गणी किती निघणार, ती भरायची विकणाऱ्याने की तुम्ही, हे करारातच लिहून घ्या.

पाहणी पावसाळ्यात किंवा गणपतीच्या सुमारास करा. मार्चमध्ये सगळीच घरं कोरडी असतात. एकाच खोलीचं छत ताजं रंगवलेलं आणि बाकीची जुनी असतील, तर तिथे काय होतं ते विचारा. छताचा गिलावा बोटाच्या पेराने किंवा नाण्याने ठोकत जा: भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ ‘ढब’ आवाज आला तर गिलावा सुटलाय किंवा आत सळई गंजून फुगली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडतो. कॉलम-बीमच्या कडेला, सळईच्याच दिशेने सरळ जाणारी भेग आणि तिच्याभोवती तांबूस डाग दिसला, तर तो त्याचा पुरावा. बीमखाली विटांची भिंत जिथे सुरू होते तिथली आडवी बारीक रेघ मात्र बहुतेक वेळा दोन वेगळ्या मालांच्या सांध्याची असते, तिने घाबरू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, वर रुंद आणि खाली अरुंद होणारी भेग दिसली तर इंजिनिअरला बोलवाच.

एक काम लोक लाजेने करत नाहीत: खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या न्हाणीघराचं छत बघणं. तुम्ही घेत असलेल्या फ्लॅटच्या न्हाणीतलं पाणी तिथेच उतरतं. तिथे पांढरे क्षार, पोपडे किंवा टांगलेली बादली दिसली, तर ते भांडण घराबरोबर तुमच्याकडे येतं. शक्य असेल तर न्हाणीतलं पाणी जाण्याच्या जाळीला (नहाणी ट्रॅपला) बोळा लावून दोन-तीन इंच पाणी २४ तास साठवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खाली बघा. वरचा मजला घेत असाल तर गच्चीवर चढा; तिथल्या वॉटरप्रूफिंगचा खर्च सोसायटीचा असतो, पण गळती तुमच्या हॉलमध्ये होते.

इंजिनिअर कोणता घ्यायचा? पालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि ज्याला दुरुस्तीचं काम मिळवायचं नाही असा. ‘फ्री तपासणी’ करणाऱ्या वॉटरप्रूफिंगवाल्याच्या अहवालात वॉटरप्रूफिंगच निघतं. घरातल्या फर्निचरसाठी कोणी कॉलम छिलला नाही ना, जुन्या लोड बेअरिंग इमारतीत मधली भिंत काढली नाही ना, हे त्याला आवर्जून विचारा. लोड बेअरिंगमध्ये भिंतच वजन पेलते. हॉल मोठा करायला ती काढली की वरच्या मजल्याचा आधार जातो.

इमारत जुनी आणि संशय दाट असेल तरच यंत्रांच्या चाचण्या. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाची ताकद सांगतो, पण जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक झालेला असतो, म्हणून आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा चांगला येतो. त्याच्या जोडीला फिनॉल्फ्थॅलीन या रसायनाची चाचणी घ्यायला सांगा: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर शिंपडल्यावर गुलाबी झालं तर ते अजून सळईला जपतंय, रंग नाही आला तर संरक्षण गेलंय. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनीचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरवर असेल तर काँक्रीट चांगलं, ३ च्या खाली असेल तर संशयास्पद. सळईवरच्या गंजासाठी हाफ-सेल चाचणी असते. उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा गेला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर. हे सगळं एका फ्लॅटसाठी करणं महागात पडतं. सोसायटीच्या अहवालात या चाचण्या आहेत का तेच आधी पाहा.

वाडा आणि कोकणातलं घर असेल तर इंजिनिअरपेक्षा आधी सुतार न्या. तुळया भिंतीत जिथे शिरतात ती टोकं त्याला टोकदार पेचकसाने टोचू द्या. वाळवी किंवा कूज तिथेच असते, मधला भाग बाहेरून ठणठणीत दिसतो.

कार्पेट मोजायला लेझर मीटर पुरतो. रेरा कायद्यानुसार (२०१६) कार्पेटमध्ये आतल्या मधल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि मोकळी गच्ची धरत नाहीत. ३ बाय ३.६ मीटरची खोली म्हणजे १०.८ चौरस मीटर, ११६ चौरस फुटांच्या थोडं वर. खोल्या एकेक करून मोजा, बेरीज करा आणि मंजूर नकाशाशी ताडून पाहा. बाल्कनी बंद करून बेडरूममध्ये घेतलेली असेल तर ती नकाशात बाल्कनीच असते. नवीन प्रकल्पातला फ्लॅट असेल तर ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचे असतात. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

हक्काचा शोध

हे वकिलाचं काम, पण काय मागायचं ते आपल्याला ठाऊक हवं. दुय्यम निबंधकाकडचा ३० वर्षांचा शोध, सूची २ च्या (नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याच्या) नोंदी, सगळे फेरफार, मूळ खरेदीखतांची साखळी. फ्लॅटला बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र. भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत म्हणजे पाणीपट्टी भरूनही कागदावर अपुरी इमारत. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर बँकेचं थकबाकी पत्र आणि मूळ कागद कधी सुटणार त्याची तारीख. शिवाय वर्तमानपत्रात १४-१५ दिवसांची जाहीर नोटीस. लपलेला वारसदार असेल तर तो बऱ्याचदा याच वेळी बोलतो.

इसार देताना काय लिहायचं

अहवाल यायच्या आत इसार द्यायची वेळ येतेच. मग रक्कम लहान ठेवा आणि इसारपावतीत स्वच्छ लिहून घ्या: हद्दकायम मोजणीत अभिलेख आणि वहिवाट यांत अमुक चौरस फुटांपेक्षा जास्त फरक आला, किंवा स्ट्रक्चरल अहवालात मोठी दुरुस्ती सुचवली गेली, किंवा शोधात बोजा निघाला, तर इसार अमुक दिवसांत पूर्ण परत. फरकाचा आकडा लिहा. ‘समाधानकारक नसल्यास’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक वकील वेगळा लावतो. साठेखताची मुदत ठरवताना मोजणीला दोन-तीन महिने धरा, नाहीतर मुदत आधी संपते आणि ‘क’ प्रत नंतर येते.

खरेदीखतातली चतुःसीमा जुन्या खतातून उतरवू देऊ नका. ‘पूर्वेस अमुक यांची जमीन’ असं १९८५ च्या खतात असतं आणि ते अमुक आता तिथे नसतात. त्यांची जमीन तिघांत वाटली गेलेली असते किंवा तिथून रस्ता गेलेला असतो. चतुःसीमा ‘क’ प्रतीवरून घ्या, गट किंवा सर्व्हे नंबर आणि प्रत्येक बाजूची मीटरमधली लांबी टाका, आणि तो नकाशाच परिशिष्ट म्हणून खताला जोडून नोंदवा.